चोरी हायवेवर, वसुली ड्रायव्हरच्या पगारातून

ट्रकमधला माल चोरीला गेला की दोन वाक्यं ठरलेली असतात. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात म्हणतात, "ड्रायव्हरच मिळालेला असणार." पोलीस ठाण्यात म्हणतात, "ही आमची हद्द नव्हे, मागच्या ठाण्यात जा." पहिल्या वाक्यानं पगार कापला जातो, दुसऱ्यानं तक्रार मरते. आणि चोर या दोन वाक्यांच्या मधून आरामात निघून जातो.

या दोन्ही वाक्यांना कायद्याचा आधार नाही, तरी ती रोज चालतात. सीमाभागातल्या आपल्या पिढीनं याच्यावर बोललं पाहिजे, कारण 'हद्द' या शब्दाचा त्रास आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवाय खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव तालुक्यांत स्टिअरिंगवर पोट असलेली घरं शोधावी लागत नाहीत. कुणाचा बाप, कुणाचा मामा, कुणाचा दहावीनंतर शाळा सुटलेला मित्र आज रात्री कुठल्या तरी घाटात लोड गाडी चढवतोय.

आधी चोरी होते कशी ते बघू. 'ड्रायव्हर झोपला होता' एवढ्यावर विषय संपवणाऱ्यांना तेही माहीत नसतं. घाट चढताना भरलेल्या गाडीचा वेग माणसाच्या पळण्याइतका होतो. तेव्हा मागून चढायचं, ताडपत्री फाडायची, दोर कापायचा, खोकी खाली सोडायची आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत भरायची. केबिनमध्ये बसलेल्याला आरशात यातलं काही दिसत नाही. बंद कंटेनर असेल तर सीलला हात न लावता दाराचे बोल्ट काढतात. पोचल्यावर सील शाबूत आणि माल कमी! मग शंका कुणावर येणार, सांगा. ढाब्यावर चहातून गुंगीचं औषध देतात. उभ्या गाडीच्या टाकीतून डिझेल काढतात. आणि एक प्रकार असा आहे की त्यात खऱ्या ड्रायव्हरचा संबंधच येत नाही: बनावट नंबरप्लेट, बनावट आरसी, बनावट लायसन. दलाल फोनवर गाडी ठरवतो, गोदामात माल भरला जातो आणि ती गाडी पुन्हा कुणाला दिसत नाही.

ऑक्टोबर २०२० मधलं एक प्रकरण बघा. श्रीपेरंबुदूरहून मुंबईला निघालेला मोबाइल फोनचा कंटेनर तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात अडवून लुटला. ड्रायव्हरांना मारहाण झाली. माल कोट्यवधींचा. राष्ट्रीय महामार्ग ४८ म्हणजे चेन्नईकडून श्रीपेरंबुदूर, कृष्णगिरी, बंगळूर, धारवाड करत आपल्या बेळगाव-निपाणीवरून कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि पुढे वडोदऱ्यावरून दिल्लीला जाणारा रस्ता. त्या प्रकरणाचा तपास थेट मध्य प्रदेशापर्यंत गेला आणि आरोपी पकडले गेले. तेव्हा कुणी 'आमची हद्द नव्हे' म्हणत बसलं नाही. कंपनी मोठी, माल कोटींचा, मग राज्यांच्या सीमा आपोआप विरघळतात. माल दहा पोती साखरेचा असेल आणि तक्रार करणारा बनियनवरचा ड्रायव्हर असेल, तर त्याच सीमेची भिंत होते.

आता पैशाची साखळी समजून घ्या, कारण अन्याय तिथे लपलेला आहे. माल असतो एका व्यापाऱ्याचा किंवा कारखान्याचा. तो ट्रान्सपोर्ट कंपनीला देतो आणि कंपनी बिल्टी फाडते. पण बऱ्याचदा गाडी कंपनीची नसतेच. कंपनी दलालाला सांगते, दलाल बाजारातून गाडी उभी करतो. त्या गाडीचा मालक दुसराच, डोक्यावर फायनान्सचा हप्ता असलेला. आणि शेवटी ड्रायव्हर, ज्याच्या हातात बिल्टीची प्रत, थोडा ॲडव्हान्स आणि गाडीची चावी. माल कमी पोचला की व्यापारी पोच देताना 'शॉर्टेज' लिहितो. कंपनी ते दलालाच्या भाड्यातून कापते, दलाल गाडीमालकाच्या बॅलन्समधून, आणि गाडीमालक ड्रायव्हरच्या पगारातून, भत्त्यातून. जबाबदारी वरून खाली घरंगळत येते आणि ज्याच्या खाली कुणीच नाही त्याच्यापाशी थांबते.

कायदा नेमका याच्या उलट बोलतो. १८६५ चा इंग्रजांचा वाहतूकदार कायदा जाऊन त्या जागी २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा आला. त्याच्या कलम १७ प्रमाणे माल हरवला, खराब झाला की जबाबदार कोण? बिल्टी फाडणारा वाहतूकदार. यातून सुटका फक्त ठरावीक कारणांसाठी: नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती, सरकारी आदेश. चोरी त्या यादीत नाही. कलम १२ तर म्हणतं की माल मालकानं वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायचीसुद्धा गरज नाही. म्हणजे वाहतूकदार हा भाड्याच्या बदल्यात जोखीम घेतो. धंदा त्याचा, नफा त्याचा, जोखीमही त्याची.

पण यातली खरी गंमत ऐका. २०११ च्या नियमांनी या कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा घालून दिली आहे. जादा जोखमीचं भाडं ठरलेलं नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. कंपनीचं नुकसान कुठे थांबायचं ते कागदावर ठरलेलं आहे. ड्रायव्हरच्या नुकसानाला मात्र व्यवहारात थांबाच नाही. सहा महिने, वर्ष, 'फिटेपर्यंत' कापत राहतात. लायसन, आधार ठेवून घेतात. ज्याला पूर्ण मालाच्या किमतीइतके पैसे वर्षाकाठीही मिळत नाहीत, त्याच्याकडून पूर्ण मालाची किंमत मागतात!

पगारकपातीलाही कायदा आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. मालाच्या नुकसानाबद्दल पगार कापायचा असेल तर ते नुकसान कामगाराच्याच हयगयीमुळे झालेलं असलं पाहिजे, कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. 'माल कमी आला, पगार मिळणार नाही' हा हिशेब नव्हे, ही दुसरी चोरी आहे. पहिली चोरी अंधारात होते, ही टेबलावर वही उघडून.

आता हद्दीकडे येऊ. समजा, इचलकरंजीतून कापडाच्या गाठी भरून गाडी रात्री बंगळूरला निघाली. कागलला हायवेला लागली, कोगनोळीचा नाका ओलांडला, निपाणी, संकेश्वर मागे पडलं. पहाटे बेळगावच्या अलीकडे थांबून मागं जाऊन बघतो तर ताडपत्री फाटलेली, चार गाठी गायब. चोरी कुठे झाली? ड्रायव्हर कसा सांगणार? तो बिचारा सगळ्यात जवळच्या ठाण्यात जातो. तिथे विचारतात, "इथंच झाली कशावरून?" मागं पाठवतात. मागचं ठाणं म्हणतं, "आमच्याकडे काही झालेलं नाही, महाराष्ट्रात झालं असेल." सीमेपलीकडचं ठाणं म्हणतं, "कळलं कर्नाटकात ना? मग तिकडेच द्या." तोवर दुपार झालेली असते. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चालूच असते. मालक फोनवर शिव्या घालत असतो. शेवटी ड्रायव्हर गाडी चालू करतो आणि पोचल्यावर त्यालाच विचारतात, "एफआयआर कुठाय? नाही? मग तूच विकलास."

विमा कंपनीही एफआयआरच मागते. म्हणजे ठाण्यानं टाळलेला एक कागद विम्याचा दावा अडवतो आणि त्याच कागदाच्या नसण्यानं ड्रायव्हर चोर ठरतो.

या टाळाटाळीला कायद्यात जागा आहे का? अजिबात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. यालाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. ठाण्यानं ती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. धावपळ ठाण्यानं करायची, ड्रायव्हरनं नव्हे. एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे. नोंदवलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी कळवता येतं आणि तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

त्याहून महत्त्वाचं आहे कलम २०३. प्रवास चालू असताना गुन्हा घडला, तर ती व्यक्ती किंवा ती वस्तू त्या प्रवासात ज्या ज्या न्यायालयाच्या हद्दीतून गेली, त्यांपैकी कुठेही चौकशी आणि खटला चालू शकतो. हे कलम काही काल आलेलं नाही, १९७३ च्या जुन्या संहितेत ते १८३ व्या क्रमांकाला होतं. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की चाकावरच्या मालाची हद्द मिनिटामिनिटाला बदलते. म्हणून त्यांनी रस्त्यावरची सगळीच ठिकाणं पात्र ठरवली. कागल पात्र, निपाणी पात्र, बेळगाव पात्र. 'आमची हद्द नव्हे' या वाक्याला कायद्यानं केव्हाच रद्दीत टाकलंय. ते परत उचलून वापरतात, कारण समोरच्याला हे माहीत नाही याची त्यांना खात्री असते.

शिक्षाही आता स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये मालवाहू वाहनाची चोरी आणि अशा वाहनातल्या मालाची चोरी वेगळी नावानिशी घातली आहे, सात वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंडसंहितेच्या ३८० मध्ये घर, तंबू, जहाज होतं, ट्रक नव्हता. म्हणजे संसदेला ट्रक दिसला. आता तो ठाणे अंमलदारालाही दिसायला हवा.

पुढचा प्रश्न खास आपला आहे, भाषेचा. कर्नाटकात फिर्याद, जबाब, पंचनामा कन्नडमध्ये लिहिला जातो. आपला ड्रायव्हर बोलतो मराठीत, लिहिणारा लिहितो कन्नडमध्ये. "गाडी ढाब्यावर उभी करून मी तोंड धुवायला गेलो" याचं कागदावर "गाडी बेवारस सोडून गेलो" झालं तर त्याला कळणार कसं? तो सही करतो. पुढे विमा कंपनीचा माणूस आणि मालकाचा वकील तोच कागद त्याच्यापुढे धरतात.

आणि इथे प्रामाणिकपणे बोलू. गोकाकचा कन्नड ड्रायव्हर कोल्हापूर जिल्ह्यातल्या ठाण्यात मराठी कागदावर सही करतो तेव्हा त्याची अवस्था हीच असते. तोही आपल्याच बाजूचा आहे. ज्याला न कळणाऱ्या भाषेत स्वतःविरुद्धचा पुरावा लिहून दिला जातो, तो कुठल्याही राज्याचा असो, भाषिक अल्पसंख्याकच आहे. आपली मागणी न्यायाची असेल तर ती कागल आणि निपाणी, दोन्हीकडे सारखीच लागू व्हायला हवी.

संविधानाचं कलम ३५० प्रत्येक माणसाला हक्क देतं की त्यानं आपलं गाऱ्हाणं संघात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडावं. अधीक्षकांना मराठीत अर्ज दिला तर तो परत करता येत नाही. फिर्याद लिहिल्यावर ती वाचून दाखवणं बंधनकारक आहे, आणि न कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हेच. १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थानबद्धतेची कारणं त्या माणसाला कळणाऱ्या भाषेतच दिली पाहिजेत असं ठरवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं अटकेची कारणंही लेखी आणि कळणाऱ्या भाषेत द्या असं सांगितलं. मग आरोपीला जो मान आहे, तो फिर्यादीला का नसावा?

आणखी एक गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरनं पाठ करावी. फिर्यादीवर सही लागते, पण तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही असं संहितेचं कलम १८१ स्पष्ट म्हणतं. कोऱ्या कागदावर सही तर कुणालाच द्यायची नाही, ठाण्यातही नाही आणि मालकाच्या ऑफिसातही नाही.

काही जण म्हणतील, "पण ड्रायव्हर चोऱ्या करत नाहीत काय?" करतात की! जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव चढले होते तेव्हा कोलारहून जयपूरला निघालेला सुमारे २१ लाखांचा टोमॅटो ड्रायव्हरनं वाटेतच विकल्याची तक्रार झाली. अशा प्रकारासाठी न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम ३१६ आहे, वाहतूकदारानं किंवा नोकरानं केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. संशय असेल तर तक्रार करा, तपास होऊ द्या, न्यायालयात सिद्ध करा. पण गंमत अशी की 'ड्रायव्हर मिळालेला' म्हणणारे मालक बहुतेक वेळा तक्रार करायला जातच नाहीत. गेले तर गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात अडकेल ही भीती असते. अशी वाहनं ठाण्यात सडवत ठेवू नका, बाँडवर लवकर सोडा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय. तरी भीती जात नाही. मग सोपा मार्ग कुठला? पगार. तिथे पुरावा लागत नाही, वकील लागत नाही, तारीख पडत नाही.

दुसरी पळवाट म्हणजे 'अमुक जमातीचे लोक हे धंदे करतात'. हायवेवर लूट झाली की बातमीत गुन्हेगाराच्या आधी जमातीचं नाव येतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण डोक्यातून गेलेला नाही. चोरलेला माल विकत घेणारा व्यापारी, बिनबिलाचा माल ठेवणारा गोदामवाला यांची जमात कुणी छापत नाही. चार गाठी कापड कुणी खात नाही, ते कुठल्या तरी दुकानात विकलं जातं. तपास तिथवर गेला पाहिजे.

"गाडीमालकही आपल्यातलाच गरीब आहे" हे म्हणणं मात्र मला मान्य आहे. एका गाडीचा मालक आणि त्याचा ड्रायव्हर यांना एकमेकांशी झुंजवून वरची कंपनी बाजूला राहते. म्हणून वसुलीची दिशा वर फिरली पाहिजे. बिल्टीवर नाव ज्याचं, जबाबदारी त्याची. हे दोघांनी मिळून म्हटलं तर दोघंही वाचतील.

शेवटी आपल्या चळवळीबद्दल. १ नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करतो. फलकावरच्या मराठीसाठी आपण लाठ्या खाल्ल्या आणि ते योग्यच होतं. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले तेव्हा आपण पेटून उठलो. पण त्या फुटलेल्या काचेमागे बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी ठाण्यात, ऑफिसात, विम्याच्या टेबलापुढे एकटाच उभा असतो. दुकानाच्या फलकावर मराठी हवी, तशी फिर्यादीच्या कागदावरही हवी. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. झिरो एफआयआरसाठी त्या निकालाची वाट बघायची गरज नाही. तो हक्क आज, आत्ता, दोन्ही राज्यांत लागू आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कागलपासून बेळगावपर्यंत आणि खानापूर-अनमोडमार्गे गोव्याच्या हद्दीपर्यंत हायवेवरच्या प्रत्येक ठाण्यात झिरो एफआयआरची माहिती मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा. फिर्याद फिर्यादीच्या भाषेत वाचून दाखवा आणि तसं तिच्यावर नोंदवा. बाजू ऐकून न घेता शॉर्टेजच्या नावाखाली पगार कापणाऱ्यांवर श्रम खात्यानं कारवाई करावी. आणि रात्री लोड गाडी उभी करायला उजेडाची, राखणीची जागा द्या. टोल घेताना जो हायवे अखंड असतो, तो राखण करताना तुकड्यातुकड्यांचा होऊ नये.

कॉलेजातल्या पोरापोरींनी एवढं करावं. आपल्या गल्लीतल्या, गावातल्या ड्रायव्हरांच्या मोबाइलमध्ये तीन आकडे लिहून द्या: १७३, २०३, ३५०. पहिला कुठल्याही ठाण्यात तक्रार देण्याचा, दुसरा हद्दीचं कारण मोडून काढण्याचा, तिसरा आपल्या भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा. अधीक्षकांच्या नावानं मराठीत एक अर्ज तयार करून ठेवा. तारीख, गाडी नंबर, बिल्टी नंबर आणि ठाण्याचं नाव तेवढं भरायचं राहील असा. पुढच्या वेळी कुणी "ही आमची हद्द नव्हे" म्हटलं, तर तो अर्ज टेबलावर ठेवा आणि पोच मागा.